चि. ओंकारला, रविवारच्या फोननंतर

सांगली

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू तुमच्या वर्गातल्या त्या मुलीबद्दल सांगितलंस. तिचं कुठल्याशा साइटवर खातं सापडलं, ती शरीर विकून ‘तसले’ पैसे घेते, ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरले. सांगताना तू हसलास. बाबा शेजारी होते म्हणून मी गप्प राहिले, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

पंचवीस वर्षं मी बँकेत कर्जाची प्रकरणं केली. त्या मुलीची फाइल मी पाहिलेली नाही, पण तशा फाइली खूप पाहिल्यात. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण लागतं, परदेशासाठी वर 15 टक्के पदरचे घालावे लागतात. तारणाला आपलं घर होतं म्हणून तू ब्रिटनमध्ये, लेस्टरला गेलास. व्हिसासाठी राहण्याखाण्याची रक्कम सलग 28 दिवस खात्यात दिसावी लागते. 2025 च्या जानेवारीत लंडनबाहेर ती महिन्याला 1,136 पौंड झाली होती, तीही नऊ महिन्यांची. ज्यांच्याकडे नसते त्यांना एजंट व्याजाने पैसे ‘दाखवून’ देतात आणि काम झालं की काढून घेतात. पोरगी विमानात बसते तेव्हा कागदावर तिच्याकडे दहा हजार पौंड असतात, पर्समध्ये दोनशे.

पुढचं तुला माहीत आहे. आठवड्याला 20 तासच काम. 2025 मधल्या किमान वेतनाने, म्हणजे तासाला 12.21 पौंडांनी, आठवड्याचे 244 व्हायचे, तेही काम मिळालं तर. तुझ्या खोलीचं भाडंच आठवड्याला 125 आहे. त्यात फीचा दुसरा हप्ता कुठून आणायचा? घरी ‘जमत नाही’ म्हणावं, तर शेत गहाण पडलेलं आणि भावकीत पेढे वाटून झालेले.

स्वान्सी विद्यापीठाने ब्रिटनमधल्या 6,700 हून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं होतं, 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. जवळजवळ 5 टक्क्यांनी कधी ना कधी लैंगिक सेवांच्या व्यवसायात काम केलं होतं, आणि त्यात मुलांचं प्रमाण मुलींपेक्षा जास्तच निघालं. ही गोष्ट फक्त मुलींची नाही, बाळा. काहींनी हौसेमौजेसाठी केलं असेल, नाही म्हणत नाही. पण राहण्याखाण्याचा खर्च आणि कर्जाची धास्ती ही कारणंही त्यांनीच सांगितली. तिथे भाड्याऐवजी शरीर मागणारे घरमालकही आहेत. अशाच एकाला 2022 मध्ये तुरुंगवास झाला.

आता तुमच्या स्क्रीनशॉटबद्दल. तिथे शरीरविक्री हा गुन्हा नाही, पण दोघींनी एका घरातून तो व्यवसाय केला तर ते घर कुंटणखाना ठरतं. म्हणून अशी मुलगी एकटी असते. त्यात विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करायला बंदी. कुणी तिला मारलं, लुबाडलं, तरी पोलिसांत जायला ती दहादा विचार करणार. आणि तुमच्या ग्रुपवरचा कुणीही उद्या तिला म्हणू शकतो, ‘ऐक, नाहीतर गावी पाठवतो.’ तो फोटो पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे हत्यार आयतं हातात दिलंय. ते खातं पहिल्यांदा सापडलं कुणाला, आणि तो तिथे काय शोधत होता, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही का?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. माझ्याकडे एक मुलगी होती, पुण्यात शिकणारी, वडील नसलेली. तिच्या कर्जाचा दुसरा हप्ता एका दाखल्यासाठी मी अडवून ठेवला. नियमाप्रमाणेच. ती दर सोमवारी फोन करायची, ‘मॅडम, झालं का?’ तीन महिन्यांनी फोन बंद झाले. मग ती स्वतः आली, फी भरल्याची पावती दाखवली आणि म्हणाली, आता हप्ता नको. पैसे कुठून आणलेस, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फाइल मिटली. तिने काय केलं ते मला ठाऊक नाही. पण तो दाखला मी फोन करून आठ दिवसांत मागवू शकले असते.

तुझ्या फोनमधलं सगळं आजच पुसून टाक आणि ग्रुपवर लिही की हे बंद करा. लिहायला जड जाईल, तरी लिही. अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी तुमच्या विद्यापीठाचा निधी आहे का, परदेशी मुलांना तो मिळतो का, तेही विचारून ठेव, तिचं नाव न घेता. मिळत असेल तर सगळ्या वर्गालाच कळव, म्हणजे तिच्यापर्यंतही पोचेल.

बुधवारी संध्याकाळी फोन कर. बाबा तेव्हा फिरायला गेलेले असतात.

तुझी,
आई