एजॅक्स दोन होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक वीर एजॅक्सवरचा लेख वाचला. चित्र झकास. सालामिसच्या तेलामोनचा मुलगा, महायोद्धा अकिलीसचा चुलतभाऊ, ही वंशावळही बिनचूक. आणि शेवटच्या परिच्छेदात लेखकानं याच माणसाला अथीना देवीच्या देवळात ट्रॉयची राजकन्या कॅसांड्रा हिच्यावर हात टाकायला पाठवलं! अहो, तो दुसरा एजॅक्स. लोक्रिसचा, ओइलियसचा मुलगा. ट्रॉय पडलं तेव्हा थोरला, म्हणजे तेलामोनचा, मरून गेला होता. अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रं याला न मिळता ओडिसिअस या दुसऱ्या ग्रीक वीराला मिळाली, अपमानानं याचं डोकं फिरलं, शत्रू समजून गुरंमेंढरं कापली आणि भानावर आल्यावर ट्रॉयच्या हेक्टरनं भेट दिलेल्या तलवारीवर अंग झोकून दिलं. मेलेला माणूस देवळात शिरला कसा, हे आपले विद्वान लेखकच जाणोत.

मला हे इतकं का झोंबलं? आमच्या सोसायटीत दुसऱ्या विंगमध्ये माझ्याच नावाआडनावाचे एक गृहस्थ राहतात. मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी फळ्यावर लागली, ती फ्लॅट नंबर न घालता. महिनाभर लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून गप्प व्हायचे. वॉचमनसुद्धा म्हणाला, ‘काका, टाका ना भरून एकदाचे.’ पावती माझ्या खिशात! दाखवणार किती जणांना?

‘इलियड’मध्ये होमरनं तरी दोन्ही एजॅक्स नीट सांगून ठेवलेत. धाकटा चणीनं लहान, लिननचं चिलखत घालणारा. थोरल्याची ढाल बुरुजाएवढी, बैलाच्या कातड्याचे सात थर आणि वर ब्राँझचा पत्रा. सावत्र भाऊ ट्यूसर तिच्याआडून बाण मारायचा आणि पोर आईला बिलगावं तसा परत एजॅक्सपाशी यायचा. या ट्यूसरची आई हेसिओनी ही ट्रॉयचा राजा प्रायम याची बहीण, म्हणजे पोरगा मामाच्याच गावावर बाण सोडत होता. एवढा रंगतदार भाग लेखात एका ओळीचाही नाही. जागा अपुरी पडली असणार. शेजारी अर्धं पान गाद्यांची जाहिरात होती.

दुरुस्ती छापाल तर पुरवणीतच छापा, आतल्या पानावर निविदांच्या खाली नको. आणि शब्दकोड्याची उत्तरं हल्ली मोबाइलवर स्कॅन करून बघायची असतात म्हणे. माझा मोबाइल बटणांचा आहे. गेल्या तीन रविवारची कोडी अर्धवट पडली आहेत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ठाणे
(नाव मुद्दाम देत नाही. दुसऱ्या विंगमधल्यांना उगाच फोन जायचे.)