जिरेनियम थंडीपेक्षा पाण्याने जास्त मरते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले वाचक टोरांटो, शिकागो, मिनेसोटाकडेही आहेत, म्हणून हे पत्र. तिकडच्या मराठी घरांच्या दारात उन्हाळाभर लाल जिरेनियम फुललेले असते आणि नवरात्राच्या सुमारास हिमतुषार पडू लागले की कुंडी कचऱ्यात रिकामी होते. दुकानात ते एका हंगामाचे झाड म्हणून विकतात, पण मुळात ते अनेक वर्षे जगणारे आहे. हिवाळा घरात काढला तर तेच झाड पुढच्या वर्षी जास्त फांद्यांनी फुलते.

आधी नावाचा घोळ. कुंडीतले हे जिरेनियम शास्त्रीय वर्गीकरणात पेलार्गोनियम आहे, मूळ दक्षिण आफ्रिकेचे. महाराष्ट्रात तेलासाठी लावतात ते सुवासिक जिरेनियमही याच कुळीतले. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये पेलार्गोनियम आणि खरे जिरेनियम हे दोन्ही गट ‘जिरेनियम’ या एकाच नावाखाली घातले, ते १७८९ मध्ये वेगळे झाले, पण बाजारात जुने नावच राहिले. खरे जिरेनियम बर्फाखाली जमिनीतच तगते, त्याला आत आणायची गरज नाही. पेलार्गोनियम मात्र गोठले की संपले.

रात्रीचे तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली जाऊ लागले की झाड आत घ्यावे. त्याआधी पानांच्या खालच्या बाजू नीट बघाव्यात. पांढरी माशी किंवा मावा घरात आला तर सगळ्या कुंड्यांवर पसरतो. पाने पाण्याने धुऊन कीटकनाशक साबणाचा फवारा मारावा आणि झाड निम्म्यापर्यंत छाटावे. दक्षिणेच्या खिडकीत, हिटिंगच्या झोतापासून दूर, दिवसा १८ आणि रात्री १३ ते १५ अंशांत ते छान राहते. ऊन कमी पडले तर कांड्या लांबट, फिक्या होतात. मग एलईडी दिवा रोज १४ तास लावावा.

खरी चूक होते ती पाण्यात. तुळशीला घालतो तसे रोज तांब्याभर पाणी घातले तर हे झाड महिन्याभरात जाते. हिवाळ्यात त्याची वाढ मंदावलेली असते, मुळे पाणी ओढत नाहीत, माती गार आणि ओली राहते आणि खोड बुडापासून काळे, मऊ पडत वर चढते. ही बुरशीची कूज एकदा खोडात शिरली की औषध नाही. बोट दोन पेरे मातीत घालून बघावे; कोरडे लागले तरच पाणी, आणि बशीत साचलेले लगेच ओतून टाकावे. सुरुवातीला खालची पाने पिवळी पडून गळतात. ते पाहून लोक आणखी पाणी घालतात आणि झाड हातचे जाते.

खिडकीत जागा नसेल तर झाड झोपवून ठेवता येते. टोरांटोकडच्या बऱ्याच घरांत पोर्चखाली लोणची-बटाटे ठेवायची कोल्ड रूम असते, ती यासाठी उत्तम. झाड मुळांसकट उपटून माती झाडावी, पाने काढावीत, दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे आणि कागदी पिशवीत ठेवावे. तापमान ७ ते १० अंश हवे. गरम बेसमेंटमध्ये कांड्या वाळून काटकी होतात, तर गारठ्याच्या गराजमध्ये गोठतात. प्लास्टिकची पिशवी नको, आत बुरशी धरते. महिन्यातून एकदा मुळे तास-दोन तास पाण्यात बुडवून, निथळवून परत ठेवावीत. कांडी सुरकुतली म्हणून टाकू नये. नखाने साल किंचित खरवडावी: आत हिरवे, ओलसर दिसले तर जीव आहे; तपकिरी, कोरडे असेल तर तेवढा भाग छाटावा.

काड्या लावायच्या असतील तर शेंड्याच्या ८ ते १० सेंटिमीटरच्या, डोळ्याच्या जरा खाली कापलेल्या घ्याव्यात. कापलेले टोक काही तास सुकू द्यावे, मग ओलसर पर्लाइटमध्ये (कुंडीच्या मातीत मिसळतात ते पांढरे, हलके खडे) खोवाव्यात. इतर काड्यांसारखे वरून प्लास्टिक झाकू नये, त्याने कुजतात. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर असावी. पाने त्यांना बाधतात.

गुढीपाडव्याच्या आसपास झोपवलेली झाडे नव्या मातीत लावून उजेडात आणावीत. टोरांटोत मेअखेरपर्यंत बाहेर कायमची ठेवण्याची घाई नको. आधी आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ सावलीत न्यावीत. पहिल्याच दिवशी कडक उन्हात ठेवली तर पाने भाजून पांढरी पडतात, ती पुन्हा हिरवी होत नाहीत. नवी फुटेपर्यंत फुलेही लांबतात.

आपला नम्र,
एक वाचक, टोरांटो