औषधाच्या चाचणीच्या ज्या अभ्यासात बाबा बसलेच नाहीत, तिथल्या कोऑर्डिनेटर ताईंना

ताई, स. न. वि. वि.

मिठाईचा बॉक्स घेऊन आले होते, तो तुम्ही दारातूनच परत केलात. “पेशंटकडून आम्ही काही घेत नाही, आणि काकांना तर मी अभ्यासात घेतलंही नाही!” म्हणालात. मला तेच तर लिहायचंय. ज्यांना घेतलं नाही, त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळू दे. तुमचं आणि हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाळतेय. परळमधलं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, छातीच्या ओपीडीमागची फायलींनी भरलेली खोली, एवढं पुरे.

बाबा गिरणीत कार्डिंग म्हणजे कापूस पिंजायच्या खात्याला होते. हवेत सतत कापसाचं तूस. घरी आले की आई आधी त्यांच्या भुवया झटकायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ते पंचविशीत होते. त्यानंतर गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी पुन्हा वाजला नाही. पुढची सगळी वर्षं वॉचमनकी. गिरणी सुटली, पण खोकला काही सुटला नाही. आमची खोली लालबागच्या चाळीत, तिसऱ्या माळ्यावर. अलीकडे बाबा प्रत्येक माळ्याला कठड्यावर हात टेकून उभे राहायला लागले आणि वर येईपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटेनासा झाला.

तुमच्याआधी आम्ही काही घरी बसून नव्हतो. एका डॉक्टरांनी मान वर न करता कॅप्सूल लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ एकेक. केमिस्टने कात्रीने पट्टी कापली, पिशवीत टाकली, पुढचं गिऱ्हाईक. गुण येईना म्हणून मोठी फी भरून एसी केबिनवाल्या स्पेशालिस्टकडे गेलो. त्यांनी त्याच कॅप्सूलची ताकद वाढवली आणि वर “या वयात एवढं चालायचंच” असं म्हणून आमची बोळवण केली. एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, हे औषध तुम्ही घेता कसं?

तुमच्याकडे पाठवलं तेव्हा चाळीत सगळ्यांनी घाबरवून सोडलं होतं. मोठ्या हॉस्पिटलात गरिबावर प्रयोग करतात, कागदावर अंगठा घेतात, मग कुणी विचारत नाही. तुम्ही ते मराठीतलं जाडजूड माहितीपत्रक पानापानाने वाचून दाखवलंत. नाही म्हणालात तरी इथले उपचार थांबणार नाहीत. मध्येच सोडावंसं वाटलं तर सोडा, कारण सांगायची गरज नाही. अभ्यासामुळे काही इजा झालीच तर उपचार फुकट, आणि नुकसानभरपाईचा कायदा आहे. अभ्यासातल्या माणसांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर कुठे छापलाय त्यावर बोट ठेवलंत. “आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका, सीटीआरआयच्या, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या, साइटवर जाऊन बघा,” हे वर! त्या रात्री मी खरंच बघितलं. 2009 पासून आपल्याकडे औषधाच्या चाचणीची तिथे नोंद करणं सक्तीचं आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

पण सहीपर्यंत गाडी गेलीच नाही. तुम्ही विचारलंत, विडी-सिगारेट? बाबा ताठ बसून म्हणाले, “उभ्या जन्मात नाही.” तुम्ही पेन खाली ठेवलंत. या अभ्यासाला, रोज एक पाकीट धरलं तर निदान दहा वर्षांची सिगारेट ओढलेली माणसं हवी होती. निर्व्यसनी म्हणून नापास झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला! बाबांनी लगेच तोड काढली, “मग लिहा की ओढायचो म्हणून. कोण बघतंय?” तुम्ही हसलात. “काका, इथे साधा आकडा चुकला तरी मला व्हाइटनर लावता येत नाही. त्यावर एक रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. आणि खोटं लिहिलं तर उद्या हे औषध ज्यांना मिळेल त्यांचा जीव माझ्या डोक्यावर.”

हे निकष तुम्ही ठरवत नाही, मला कळतं. पण आपल्याकडे चुलीच्या धुराने, धुळीने, टीबीने छाती गेलेली माणसं थोडी नाहीत. त्यांना तपासायच्या आधीच चाळणीबाहेर टाकणारा नियम कुठल्या देशातल्या माणसांकडे बघून केला असेल, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. असो.

इथे तुमचं काम संपलं होतं. बाहेर बाकावर माणसं बसलेली होती, कुरिअरवाला ड्राय आइसचा खोका घेऊन दारात उभा होता, तुमचा डबा तसाच बंद होता. “सॉरी काका, या तुम्ही” म्हणाला असतात तरी आम्ही नमस्कार करून उठलो असतो. तुम्ही विचारलंत, सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती जास्त आवळायची का? बाबा चमकले. सोमवारी सगळ्या खात्याचीच छाती भरायची, पण ते त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. कापसाच्या धुळीच्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, कामगारांच्या कायद्यातल्या, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीतही तो आहे, हे बाबांना सत्तरीला टेकल्यावर कळलं. मग तुम्ही म्हणालात, “जाता जाता, रोजचं औषध कसं घेता तेवढं मला करून दाखवा.”

बाबांनी खिशातून पट्टी काढली, कॅप्सूल तळहातावर घेतली आणि म्हणाले, “पोरी, जरा पाणी देतेस?”

कोपऱ्यातला एक इंटर्न फिसकन हसला. श्वासाने ओढून घ्यायची रोटाकॅप बाबा इतके महिने पाण्याबरोबर गिळत होते. मलाही तेव्हाच कळलं. ज्या मशीनमधून ती ओढायची असते, ते आम्हाला कुणी दिलंच नव्हतं. तुम्ही त्या पोराकडे एकदाच बघितलंत, तो गप्प झाला. मग उठलात आणि आपल्या बाटलीतलं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून बाबांना दिलंत. “उन्हातून आलात, आधी हे पाणी प्या. कॅप्सूल राहू द्या हातात.” बाबा सावकाश पाणी प्यायले. त्यांचा पेला रिकामा होईपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मग म्हणालात, “ही दिसतेच गिळायच्या गोळीसारखी. सोबत मशीन द्यायला हवं होतं आणि दाखवायलाही हवं होतं. तुमचं काही चुकलेलं नाही.”

ड्रॉवरमधून शिकवायचं रिकामं मशीन निघालं. आधी सगळा श्वास बाहेर, ओठ घट्ट, जोरात आत, मनात दहापर्यंत मोजा, नंतर चूळ भरा. बाबांना जमेपर्यंत तुम्ही शेजारी उभ्या राहून स्वतःच श्वास रोखून धरत होतात. मग आमच्याबरोबर खाली येऊन ओपीडीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलंत, तेही बाजूला घेऊन, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

घरी येताना भारतमाता टॉकीजपर्यंत बाबा गप्प होते. मग म्हणाले, “तिनं मला अडाणी ठरवलं नाही गं.” औषधाबद्दल चकार शब्द नाही.

तुमच्या रजिस्टरात आमची नोंद एका ओळीची असणार, ‘निकषात बसत नाही’. पाण्याच्या पेल्यासाठी तिथे रकाना नसेल, आणि तुमच्या फायली तपासायला येणारेही त्याबद्दल विचारणार नाहीत. माणुसकी कमी झाली, असं आपण ऊठसूट म्हणतो. मला वाटतं ती आहे, फक्त केबिनवर पाटी लावून बसत नाही. ती कंत्राटी नोकरीत असते, तिचा डबा दुपारी चारला उघडतो.

कापसाने जे नेलं ते परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण बाबा आता मध्ये एकदाच टेकतात आणि वर आल्यावर चहा मागण्याइतका दम उरतो. शिवाय चाळीत ते इन्स्पेक्टर झालेत. ज्याच्या हातात पंप दिसेल त्याला, “करून दाखव!” परवा पहिल्या माळ्यावरच्या आजींना पकडलं. त्या पंप तोंडापासून वीतभर लांब धरून देवाला अत्तर शिंपडावं तसा फवारा मारतात. बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला, पण दोघांची भांडणं झाली. गुरुवारी त्यांना घेऊन ओपीडीला येतोय. केस पेपर आम्ही काढतो, डॉक्टरांनाही दाखवतो, तुम्ही फक्त पाच मिनिटं राखून ठेवा.

आपली,
लालबागच्या काकांची मुलगी