“थांबा जरा, तो वाजवतोय”: लॅमिंग्टन रोडच्या रेडिओवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, म्हणून हे पत्र तुमच्या नातवाच्या फोनवर येईल. त्याने ते मोठ्याने वाचावं, आणि तुम्ही मध्येच “कळलं, कळलं, पुढे” म्हणालात तरी एक ओळही गाळू नये. नुसतं माझा गिटारचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, दुरुस्त केल्याबद्दल आभार मानायचे असते तर दुकानात येऊन मानले असते. चारचौघांत लिहितोय ते मुद्दाम. ज्यांनी तो आधी दुरुस्त केला नाही त्यांच्याही कानावर जरा पडावं, असा थोडा खवचट हेतू आहे.

शनिवारचा कार्यक्रम झाला. हॉल भरून वाहत होता असं म्हणणार नाही, मागच्या रांगा रिकाम्या होत्या. पण जे आले ते शेवटी उभे राहून, घसा फोडून गायले. ॲम्प एकदाही रडला नाही. मी मात्र घरी आल्यावर जिन्यातच थोडा रडलो. हे नातवाने हळू आवाजात वाचलं तरी चालेल.

ज्यांना आमचं प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही चौघं क्वीन ह्या ब्रिटिश रॉक बँडची गाणी वाजवतो. फक्त क्वीनची. गायक वसईचा, ड्रमर डोंबिवलीचा, बेसवाला ठाण्यात एका बँकेत आहे, आणि मी गिरगावात वाढून बोरिवलीला गेलेल्या असंख्य लोकांपैकी एक. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाइव्ह एडच्या, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या, कार्यक्रमात क्वीनने सुमारे २१ मिनिटं जे वाजवलं, ते त्याच क्रमाने, मध्ये न थांबता वाजवायचं, हा आमचा शेवटचा भाग. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता ही गोष्ट प्रत्येक निवेदक सांगतो आणि टाळ्या घेतो. घेऊ दे बापडा. मी गिटारवाला, माझा माणूस त्यांचा गिटारवाला, ब्रायन मे. कॉलेजात असताना काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कॅसेटी नुसत्या हाताळत उभा राहायचो ते त्याच्यासाठी. ते दुकान २०१६ साली बंद झालं, पण त्या कॅसेटींमधला आवाज डोक्यातून गेला नाही.

तो आवाज काढायचा तर व्हॉक्स एसी-३० नावाचा ॲम्प लागतो. तीस वॅटचा, आत चार ईएल-८४ व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. मे तो पूर्ण उघडून ठेवतो आणि कमीजास्त सगळं गिटारच्याच बटणावर करतो. परदेशी निघालेल्या एकाकडून मी असा जुना एसी-३० घेतला, हप्त्याहप्त्याने पैसे फेडले आणि घरात त्यावरून काय काय ऐकलं ते इथे नको. काही महिने छान चालला. मग एक खोड लागली. सुरुवातीला ठणठणीत, पण तासाभराने आवाज घोगरा व्हायचा, दबायचा, आणि जळकट वास यायचा. बरोबर तेव्हाच आमचं ते सहा मिनिटांचं, सगळ्या जगाला पाठ असलेलं गाणं यायचं.

आता ते आधीचे लोक. एका मोठ्या, काचेच्या दाराच्या, एसीच्या दुकानाने ॲम्प ठेवून घेतला, फोन उचलणं बंद केलं, आणि शेवटी “चेक केला सर, ओके आहे” म्हणून परत दिला. त्यांनी तो दोन मिनिटं चालू केला असणार. दोन मिनिटांत तो ओकेच असतो हो! दुसऱ्या एका हुशार मुलाने पाठचं पॅनेलसुद्धा उघडलं नाही. म्हणाला, हा जमाना लॅपटॉपचा आहे, एक सॉफ्टवेअर टाका, हुबेहूब असाच आवाज येतो. तिसऱ्याने आधी विचारलं, कितीला घेतला? आणि मग हसला. तिघांनीही मला एक प्रश्न विचारला नाही, तो तुम्ही पहिल्या वाक्यात विचारलात: “कुठल्या जागी बिघडतो?”

खरं सांगू का, दुसऱ्याची गाणी वाजवणाऱ्याला लोक अर्धवटच समजतात. “तुमचं स्वतःचं काही नाही का?” हे आम्हाला आयोजक विचारतात, मेहुणे विचारतात, परवा तर रिक्षावाल्याने विचारलं. नाट्यगीत म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, हे पद तुझं का. भजनाला बसलेल्यांना विचारत नाही. आम्ही मात्र नकलाकार. त्यात ॲम्प बिघडला की समोरच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं: नक्कलच करायची आहे ना, मग कशावरही करा. त्यामुळे तुमच्या दुकानाच्या पायरीवर ॲम्प टेकवला तेव्हा मी आधीच चिडलेला होतो. तुम्हाला ते कळलं असेल. तुम्ही “पाणी पी” एवढंच म्हणालात.

तुमचं दुकान पाहिलेलं नसेल त्यांना कल्पना येणार नाही. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर जायचं. भिंतीवर मर्फी, बुश, फिलिप्स, काहींच्या पोटात काही नाही, आणि कोपऱ्यात एक धडधाकट रेडिओ विविध भारतीवर. तुम्ही पॅनेल उघडलंत, डावा हात पँटच्या खिशात घातलात आणि उजव्या हाताने मीटरची सळई टेकवत गेलात. मी विचारलं, तर म्हणालात, आत तीनशे व्होल्टच्या वर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) आहे, दोन्ही हात घातले तर करंट छातीतून जातो. बंद केला तरी थोडा वेळ आत राहतो. मग ॲम्प चालू करून ठेवलात आणि चहा सांगितलात. “तापू दे. तापल्याशिवाय तो खरं बोलणार नाही.”

त्या वेळात मी बडबडत होतो. ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली घरीच गिटार बनवायला घेतली, तिचा दांडा जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या, खुणांची बटणं आईच्या शिवणाच्या डब्यातली. तीच गिटार तो आजही वाजवतो. तुम्ही मध्येच विचारलंत, “वडील काय करायचे?” म्हटलं, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. “मग बरोबर,” म्हणालात, जणू एक मोठी शंका फिटली. पण तुमचे डोळे चमकले ते जॉन डीकनच्या गोष्टीला. त्यांचा बेसवाला, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला लंडनमध्ये कचऱ्याच्या पेटीत एका छोट्या रेडिओचं सर्किट मिळालं, ते त्याने जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं, आणि मेने त्यावर गिटारचे थरावर थर चढवून अख्खा वाद्यवृंद उभा केला. “जर्मेनियम ट्रान्झिस्टर असणार,” तुम्ही म्हणालात, “गोड वाजतो तो.” जर्मेनियमच आहे, काका. मी कोणालाही सांगितलं तर लोक “हो का” म्हणतात. तुम्ही न बघता ओळखलंत.

मग ती गोष्ट झाली जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. तुम्ही म्हणालात, “आता वाजव. जिथे बिघडतो तेच वाजव.” मी गिटार काढली, खिशातून माझं नाणं काढलं. तारा छेडायला मे सहा पेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतो. मी जुन्या चार आण्याने वाजवतो, कडेला खाचा असलेल्या. आकार जवळजवळ तोच, आणि २०११ पासून त्याचा दुसरा काही उपयोगही उरलेला नाही. ते तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “चार आणे चालतात का अजून?” “इथेच चालतात,” मी म्हटलं. तुम्ही हसलात, हात लांब करून विविध भारती बंद केलीत, आणि ट्यूबलाइटही. रस्त्यावरचा जो काही उजेड आत येत होता तेवढाच. मी वाजवायला लागलो.

आणि दारात एक गृहस्थ आले, हातात मिक्सर. ऐन संध्याकाळची गिऱ्हाइकाची वेळ. त्यांनी “ओ मास्तर” अशी हाक मारली. तुम्ही मान न वळवता, फक्त तळहात वर करून म्हणालात: “थांबा जरा, तो वाजवतोय.”

काका, मी गेली कितीतरी वर्षं वाजवतोय. “ॲम्प चेक करतोय” असं तुम्ही म्हणाला असता तर ते खरंच असतं. “रिपेरिंग चाललंय” म्हणाला असता तरी. तुम्ही म्हणालात तो वाजवतोय. आणि ते मिक्सरवाले गृहस्थसुद्धा गुपचूप पायरीवर थांबले! सोलोचा तो चढता भाग आला, आवाज घोगरा झाला, माझा हात अडखळला, तर अंधारातून तुमचा आवाज: “थांबू नकोस, पुरा कर.” मी पुरा केला. बिघडलेल्या ॲम्पवर, रडक्या आवाजात, एका माणसासाठी आणि एका मिक्सरसाठी. इतकं मन लावून माझं वाजवणं कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

“ये, बघ,” तुम्ही म्हणालात. मागून आत डोकावलो. चारही व्हॉल्व्हच्या आत ती नेहमीची नारिंगी वात होती, पण एकाची बाहेरची करडी प्लेटच लालभडक झाली होती. उजेडात ती कोणाला दिसलीच नसती. दोष व्हॉल्व्हचा नव्हे, हेही तुम्हीच दाखवलंत. त्याच्या आधी बसलेला एक बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. तो म्हणजे वॉचमन, गाण्याला आत सोडायचं आणि डीसीला गेटवर अडवायचं. हा वॉचमन गरम झाला की डुलक्या काढतो, डीसी आत घुसतो आणि व्हॉल्व्ह बिचारा क्षमतेबाहेर राबून लाल होतो. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता तर महिन्याभरात नवाही गेला असता. कंडेन्सर बदललात, शिवाय त्याच्या बाजूचेही, “ते एकाच वयाचे आहेत” म्हणून.

व्हॉल्व्हसाठी तुम्ही खालचा खण उघडलात. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुठ्ठ्याच्या जुन्या डब्या, जुन्या रेडिओंच्या आउटपुटला हेच ईएल-८४ लागायचे म्हणून जपून ठेवलेल्या. बाकीच्या तिघांशी ज्याचा करंट जुळेल असा एक मिळेपर्यंत तुम्ही लावून, मोजून, काढून ठेवत होतात. मला तर पहिलाच चालला असता. मी तसं म्हटलंही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

पैसे मात्र तुम्ही चोख घेतलेत, आणि मला ते फार आवडलं. “राहू दे रे” वगैरे नाही. कागदावर आकडे मांडलेत, कंडेन्सर इतके, व्हॉल्व्ह इतका, वेळ इतका. काचेच्या दाराच्या दुकानाने न केलेल्या कामाचे जेवढे घेतले, त्यापेक्षा कमीच होते, ही वेगळी गोष्ट.

तेव्हापासून मला सगळीकडे अशी माणसं दिसायला लागली आहेत, की आधीही होती आणि मी चिडलेला होतो म्हणून दिसत नव्हती, कोण जाणे. शनिवारी तो तीस किलोच्या वरचा ऐवज घेऊन मी बोरिवलीहून लोकलच्या मालडब्यात चढलो. आत मासळीवाल्या मावशी रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या. मला वाटलं आता शिव्या बसणार. एकीने पायाने टोपली सरकवली, अंगाखालचं प्लास्टिक ओढून काढलं आणि ॲम्पखाली घातलं. “पानी हाय खाली, मशीन खराब होल.” कसलं मशीन, कशाला, काही विचारलं नाही. वांद्र्याला दोघींनी मिळून एक बाजू धरून उतरवूनही दिलं, तेही गाडी सुटायच्या आत. ह्या शहरात काम अडतं ते पॉलिश केलेल्या टेबलांवर, असं माझं मत होत चाललंय. असेल थोडं एकांगी.

ते मिक्सरवाले गृहस्थ भेटले तर त्यांनाही माझा नमस्कार सांगा. जाताना त्यांनी विचारलं होतं, “कुठलं गाणं हो?” मी नाव सांगितलं, तर म्हणाले, “शेवटी चांगलं झालं.”

आता कामाचं. ॲम्प झकास आहे, पण काहीच वाजत नसताना एक बारीक गुणगुण येते, पूर्वी ती नव्हती, किंवा आवाज साफ झाल्यामुळे आता ऐकू येते. तुम्ही मोठ्या फिल्टर कंडेन्सरबद्दल काहीतरी बोलला होतात ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही. मंगळवारी घेऊन येतो, चारनंतर, तुमची झोप झाल्यावर. गिटारही आणतो. आणि पुढचा कार्यक्रम ठरला की पहिल्या रांगेत दोन खुर्च्या तुमच्या, एक तुम्हाला, एक नातवाला. येताना कानात घालायला कापूस आणा, ड्रमर डोंबिवलीचा असला तरी मारतो फार.

तुमचा,
चार आणेवाला