इंजिन बदललेली स्पोर्ट्स कार घेताना आधी आरसी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे, भाच्याने सॅन स्टॉर्म घ्यावी की नाही. ज्यांना ही गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, गोव्यात बनायची, दोनच सीट, बॉडी फायबरची, आत रेनोचं १.२ लिटरचं इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. फार विकल्या गेल्या नाहीत, पुढे बनणंच थांबलं, त्यामुळे आज एखादी दिसली की गाडीवेडी पोरं तिच्याभोवती जमतात. तशी एक चिंचवडला निघाली, मालक साडेचार लाख मागतोय, पण आत मूळ इंजिन नाही, त्या जागी जुन्या मारुती बलेनोचं म्हणजे हल्लीच्या हॅचबॅकचं नव्हे, आधीच्या सेडानचं १६०० सीसीचं इंजिन बसवलंय, ९४ हॉर्सपॉवरचं. भाचा हिंजवडीत नोकरी करतो, पैसे साठवलेत, आणि मला म्हणाला मामा तू सांग, तू हो म्हणालास तरच घेतो. मी भोसरीत इंजिनांच्याच कामात आयुष्य काढलंय म्हणून विचारलं त्याने, आणि या निमित्ताने जे बघितलं, वाचलं, ते इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून हे पत्र.

इंजिन बदललंय म्हणजे गाडी वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही. स्टॉर्मच्या बाबतीत तर बदलण्याला चांगलं कारण आहे, ते रेनोचं इंजिन आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या खपाच्या गाडीत आलंच नाही, मग पार्ट आणायचे कुठून? उलट मारुतीच्या इंजिनाचं काम करणारे हात पुण्यात गल्लोगल्ली आहेत आणि नाना पेठेत हिंडलं तर बरंचसं सामान मिळतं. गाडी कव्हरखाली सडण्यापेक्षा अशी चालती राहिली तर मला आनंदच आहे.

पण काम कसं केलंय ते बघावं लागतं, आणि ते बॉनेट उघडून इंजिन चकाचक दिसलं म्हणून कळत नाही. मी आधी खाली शिरून माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार बघितले, नवीन ब्रॅकेट जिथे वेल्ड केलेत तिथे कडेने बारीक चीर आहे का, कारण इंजिन जड असलं आणि ब्रॅकेट अंदाजाने बनवला असला की खड्ड्यात पहिला मार तिथेच बसतो. मग एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला नेणारे दांडे. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आला की एक्सलची लांबी जुळत नाही, आणि काही जण सरळ दोन एक्सल कापून जोडून वेल्ड मारतात, तो वेगात तुटला तर काय होईल याचा विचारसुद्धा नकोसा वाटतो. या गाडीत सुदैवाने नवीन बनवून घेतलेत. वायरिंग मात्र मला पटलं नाही, ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, पावसाळ्यात हीच गाडी भर रस्त्यात बंद पडणार हे लिहून देतो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, एकमेकांच्या जवळ होतं, म्हणजे इंजिन दमलेलं नाही. गाडी गरम झाल्यावर एसी लावून चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये उभी केली, काटा चढला पण थांबला. फायबरच्या बॉडीत सायलेन्सरचा पाइप कुठून नेलाय हेही बघायला हवं, पत्र्यापेक्षा फायबरला उष्णता लवकर बाधते. आणि ब्रेक, ब्रेक अजून ६० हॉर्सपॉवरच्या हिशोबाचेच आहेत आणि पळायची ताकद दीडपट झालीय, हे विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो लागतात की व्यवस्थित. सपाट रस्त्यावर लागतील, पण कात्रज किंवा खंबाटकी उतरताना चार वेळा सलग दाबल्यावर लागतील का हा प्रश्न आहे. तरीही वायरिंग नवीन करता येतं, ब्रेक मोठे बसवता येतात, खर्च धरून भाव पाडता येतो.

खरी अडचण कागदाची आहे. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, १२०० सीसीच्या आतलं रेनोचं इंजिन आणि त्याचाच नंबर, प्रत्यक्षात इंजिनाच्या ब्लॉकवर बलेनोचा नंबर. विकणारा म्हणतो काका कोण बघतंय, पीयूसी निघते, दरवर्षी इन्शुरन्स निघतो. निघतोच की, पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून धुरातला कार्बन मोनॉक्साइड वगैरे बघतो, इंजिनाचा नंबर बघत नाही, आणि इन्शुरन्स ऑनलाइन रिन्यू करताना कोणी गाडीपाशी येत नाही. पण १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी रिन्यू करायला गाडी आरटीओ इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते, आणि हे इंजिन मागच्या रिन्यूअलनंतर बसवलंय असं विकणाराच सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी उभं राहायचं कोणी, तर भाच्याने.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रत्येकाने एकदा वाचावं. कंपनीने मूळ जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, आणि परवानगीशिवाय इंजिन बदललं तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असं त्यात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मूळ स्पेसिफिकेशन बदलता येणार नाही असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे स्टॉर्ममध्ये तसंच स्टॉर्मचं दुसरं इंजिन घालून नोंद करून घेणं वेगळं आणि १६०० सीसीचं परकं इंजिन घालणं वेगळं.

इन्शुरन्सचं तर लोकांच्या लक्षातच येत नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला ३,४१६ रुपये आहे आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७. ही गाडी कागदावर खालच्या गटात आणि प्रत्यक्षात वरच्या गटात. उद्या अपघात झाला, नुकसान बघायला आलेल्या सर्व्हेअरने नंबर बघितला, की स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि समोरच्या माणसाला दुखापत झाली असेल तर त्याला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करायला कंपनी कोर्टात जाऊ शकते. साडेचार लाखांची गाडी आणि मागे लागणारी रक्कम किती याला मर्यादाच नाही.

आणखी एक, ते बलेनोचं इंजिन आलं कुठून? स्क्रॅपमधून आणलं एवढंच उत्तर मिळालं, बिल नाही, ज्या गाडीतून काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद नाही. मूळ गाडी चोरीची निघाली तर पोलीस आज ज्याच्या दारात इंजिन आहे त्याच्याकडेच आधी येणार, आणि आपल्याला माहीत नव्हतं हे सांगताना हातात किमान एक बिल तरी असायला नको का?

म्हणून भाच्याला सांगितलंय, विकणाऱ्याने आधी इंजिन आरसीवर चढवून द्यावं मग पूर्ण पैसे, तोवर टोकनसुद्धा देऊ नकोस, आणि तो पन्नास हजार कमी करतो म्हणाला तरी नाही. भाच्याचं तोंड उतरलं, मलाही वाईट वाटलं, गाडी खरंच सुंदर आहे.

पण संपादकसाहेब, इथे परिवहन खात्यालाही विचारावंसं वाटतं. सीएनजी किट बसवायला रस्ता आहे, पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायला मंजूर किटचा रस्ता आहे, मग पेट्रोलच्या जागी पेट्रोलचंच, त्याच्यापेक्षा नवीन आणि कमी धूर सोडणारं इंजिन नीट बसवलं तर ते तपासून घ्यायची सोय का नसावी? जर्मनीत अशी एकेक गाडी टीयूव्ही या तपासणी संस्थेचा इंजिनिअर तपासतो आणि बदल कागदावर चढवतो, इंग्लंडमध्ये इंजिन बदललं की डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याला कळवून लॉगबुकात, म्हणजे त्यांच्या आरसीत नोंद होते. आपल्याकडे तर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था इथेच वेताळ टेकडीवर आहे, देशभरच्या गाड्या तिथे तपासल्या जातात. ब्रेक, माउंटिंग, धूर, आवाज आणि इंजिनाचं बिल एवढं बघा, मालकाकडून हवी ती फी घ्या, पास झाली तर आरसीवर नोंद करा, नापास झाली तर रस्त्यावर येऊ देऊ नका. आज हा रस्ता नसल्यामुळे चांगलं काम करणारा आणि एक्सल कापून जोडणारा, दोघेही सारखेच लपूनछपून फिरतात, आणि घेणाऱ्याला दोघांतला फरक कळायला काही साधन नाही. आणि जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरांनी ब्लॉकवरच्या इंजिन नंबरचा फोटो जाहिरातीतच दिला पाहिजे अशी सक्ती करायला तर कायदाही बदलावा लागू नये, असं मला वाटतं.

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कोणी बदललेलं इंजिन रीतसर आरसीवर चढवून घेतलं असेल तर कुठले कागद लागले, किती दिवस गेले ते कृपया या सदरात लिहावं. विकणाऱ्याला आम्ही दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे