सांभाळणाऱ्यांनाही दुपारची सुटी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाच्या बातम्या आपल्या अंकात छायाचित्रांसह वाचल्या. शाल, श्रीफळ, मान्यवरांची भाषणे, सगळे यथासांग. पण सत्कार होतो तो सभागृहापर्यंत चालत येऊ शकणाऱ्यांचा. अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांच्यामुळे घराबाहेर पाऊल टाकू न शकणारी त्यांची माणसे, या छायाचित्रांत कधी नसतात. त्यांच्यासाठी राबणाऱ्या आमच्या भागातल्या एका छोट्या संस्थेला काय हवे आहे, ते सांगण्यासाठी हे पत्र.

संस्था म्हणजे निवृत्त मंडळींनी चालवलेले रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. अशी केंद्रे राज्यात कितीतरी गावांत आहेत. अनामत भरायची, नाममात्र भाडे द्यायचे आणि व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, वरखाली होणारी कॉट घरी न्यायची. गरज संपली की परत. (गरज कशाने संपली, हे सहसा कोणी विचारत नाही.)

माझ्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणावर होत्या, तेव्हा एअर बेड तिथूनच आणला. या गादीतले कप्पे पंपाने आलटून पालटून फुगतात, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. गादी लावून द्यायला आलेल्या काकू निवृत्त परिचारिका. त्यांनी आधीच बजावले, "गादी आली म्हणून कूस बदलायची थांबवू नका. दर दोन तासांनी बदलायचीच." मग एक जुनी सुती चादर दुहेरी घडी करून सासूबाईंच्या खांद्यापासून मांडीपर्यंत पाठीखाली आडवी सरकवली, आणि काखेत हात घालून ओढण्याऐवजी ती चादर धरून माणूस कसा वळवायचा, ते माझ्याकडून दोनदा करून घेतले. "तुमची कंबर धरली तर यांना कोण बघणार?" हे त्यांचे वाक्य. रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला गोळ्यांच्या वेळांचा कागद मिळाला होता. माझ्या कमरेची चौकशी पहिल्यांदा केली ती या काकूंनी.

आता तिथले कार्यकर्ते सांगतात की साहित्याची फारशी अडचण नाही, लोक देणगीतही देतात. तुटवडा आहे तो माणसांचा. रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्युरोची बाई बारा तास ठेवणे सगळ्यांना झेपत नाही. मग सून नोकरी सोडते, नाहीतर पंचाहत्तरीची बायको ऐंशीच्या नवऱ्याला एकटीने उठवते-बसवते. स्वतःचा दुखरा दात, बँकेचे काम, माहेरचे लग्न, सगळे "नंतर बघू" म्हणून राहून जाते.

सरकारी योजना नाहीत असे नाही. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना महिना १५०० रुपये आहेत, मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साहित्यासाठी एकदाच ३००० आहेत, सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरातली वर्षानुवर्षांची सेवा यातल्या कशातच बसत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आई-वडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि ती असायलाच हवी. पण जी माणसे टाकत नाहीत, त्यांचे काय? केरळमध्ये 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्याची पूर्णवेळ सेवा करणाऱ्यासाठी तीत महिना ६०० रुपयांची तरतूद आहे. रकमेला हसा हवे तर, पण सरकारदरबारी सेवा करणाऱ्याची नोंद तरी झाली.

आमच्या संस्थेची मागणी पैशांची नाहीच. ज्येष्ठांसाठीची विरंगुळा केंद्रे सकाळी योगासाठी आणि संध्याकाळी भजन-कॅरमसाठी भरतात. दुपारी त्यांना कुलूप असते. दुपारी बारा ते चार ती जागा द्या, म्हणजे विसरभोळेपणा वाढलेल्या पण हिंडत्याफिरत्या वृद्धांना तिथे बसवता येईल, असे संस्थेचे म्हणणे. जे घरातून हलू शकत नाहीत, त्यांच्या उशाशी आठवड्यातून एक दुपार बसायला शिकवून तयार केलेले कार्यकर्ते जातील. यावर, ही केंद्रे ज्यांच्या ताब्यात आहेत त्या कार्यालयातून उत्तर आले, "कोणी पडले-झडले तर जबाबदारी कोणाची?" प्रश्न रास्त आहे, पण तो विचारून फाइल मिटायची नसते. नातेवाइकांचे संमतिपत्र, जवळच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवणे, मानधनावर एक प्रशिक्षित परिचारिका, दाराशी उतार आणि संडासात धरायला दांडी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पाळणाघरे चालतातच ना? तिथेही मुले पडतात.

आपल्या वार्ताहराला एखाद्या दुपारी दोनच्या सुमारास शहरातल्या विरंगुळा केंद्रांवर पाठवावे, आणि किती ठिकाणी कुलूप दिसले ते छापावे, ही विनंती.

– एक वाचक