लोखंडी पुलांना एआय लावा, पण आधी जाडी तरी मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

सध्या कुठल्याही पुलाची बातमी आली की "आता एआयने गंज आधीच ओळखणार" असं वाचायला मिळतं. मी रायगड जिल्ह्यात केमिकल प्लांटच्या पाइपलाइन आणि टाक्यांची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने, म्हणजे पत्र्यात आवाजाच्या लहरी सोडून जाडी सांगणाऱ्या यंत्राने, मोजायचं काम करतो, म्हणून लिहावंसं वाटलं.

मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकणाऱ्या एआयने, गंजाचा अंदाज येतो हे खरं आहे. हवेतलं मीठ, दमटपणा, लोखंड किती तास ओलं राहतं, पोलादाचा ग्रेड कुठला, रंग कधी लावला हे सगळं आणि सोबत दरवर्षीची मोजलेली जाडी दिली की रँडम फॉरेस्टसारखं (अनेक छोट्या अंदाजांची सरासरी काढणारं) मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरचा हिशेब, पुढची झीज सांगतं, आणि "वर्षाला अमुक एवढं" या सरळ हिशेबापेक्षा बरं सांगतं, कारण गंज सरळ रेषेत वाढतच नाही.

पण दरवर्षीची जाडी, तीच तर आपल्याकडे नाही ना! 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार जीव गेले. गर्दी झाली, पूल गंजलेला होता, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. कुठल्या गर्डरची (तुळईची) जाडी कुठल्या वर्षी किती भरली होती, हा आकडा मात्र मला कुठेच वाचायला मिळाला नाही.

आणि मोजायचं म्हणजे नीट मोजायचं. साधा गेज रंगावरूनच लावला तर रंगाचा थरही जाडीत धरला जातो, आणि रंगात आवाज पोलादापेक्षा बराच हळू जातो म्हणून तो थर दुपटीहून जास्त दिसतो, म्हणजे पत्रा आहे त्यापेक्षा जाड वाटतो. रंग खरवडून, जेल लावून, प्रोब (गेजचं टेकवायचं टोक) घट्ट धरून रीडिंग घ्यावं लागतं. तेही खालच्या बाजूला, जॉइंटच्या बेचक्यात, बोल्टच्या आसपास, कारण वरचं मीठ पावसाने धुऊन जातं, तिथलं तसंच साचून राहतं. मॉडेलला सगळे आकडे सपाट मोकळ्या पट्टीवरचे दिले तर ते सरासरी सांगणार, आणि पूल सरासरीने पडत नाही हो, एका खड्ड्यापाशी पडतो.

अमेरिकेत 1967 ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून 46 माणसं गेली. त्यानंतर तिथे पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली, प्रत्येक भागाला 0 ते 9 मार्क देतात आणि ती माहिती कुणीही डाउनलोड करू शकतो, म्हणून तिथले संशोधक त्यावर मॉडेल बनवू शकतात. आपल्याकडे तमिळनाडूत कराईकुडीच्या सीएसआयआर-सेक्री या सरकारी संशोधन संस्थेने पोलादाचे नमुने उघड्यावर ठेवून देशाचा गंज-नकाशा केलाय, खूप मोलाचं काम आहे ते. पण त्यावरून एखाद्या गावातल्या एका साकवाची आजची तब्येत कशी कळणार?

माझी मागणी एवढीच की जिल्ह्यातल्या प्रत्येक लोखंडी पुलावर आणि साकवावर कायमचे पॉइंट रंगाने नंबर टाकून ठरवा, दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याच पॉइंटला जाडी घ्या, आणि आकडे स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये न गाडता सरळ एक्सेल शीटमध्ये वेबसाइटवर टाका, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजची पोरंसुद्धा त्यावर मॉडेल चालवून बघतील. छोट्या साकवाला दोन माणसं आणि एक गेज पुरतो, त्याला कुठलं मोठं टेंडर लागत नाही.

– एक वाचक, रोहा